कॉलेजचं वाय-फाय : पीप की टीप?

प्रश्न : आमच्या कॉलेजात वाय-फायसाठी ‘पीप’ वापरतात. आता ‘टीप’कडे वळावं का? – एक वाचक, कारंजा (जि. वाशिम)

उत्तर : पीप (PEAP) आणि टीप (TEAP) या वाय-फायवर लॉगिन करताना ओळख पटवण्याच्या पद्धती. दोन्हींत पासवर्ड एन्क्रिप्टेड बोगद्यातूनच जातो. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१४ मध्ये सिस्कोच्या ‘ईएपी-फास्ट’ पद्धतीच्या पायावर ‘टीप’ प्रमाणित केली. एकाच बोगद्यात आधी संगणकाची, मग माणसाची ओळख पटते, हा तिचा मोठा फायदा. विंडोज १० मध्ये ती २०२० पासून आहे. पण सगळ्या फोनवर चालत नाही. म्हणून कार्यालयातल्या संगणकांना टीप द्या, विद्यार्थ्यांच्या फोनना तूर्त पीप राहू द्या.

मात्र फोनमध्ये सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि डोमेन तपासलं जाईलच, असं सेटिंग करून द्या. ते नसेल, तर कुणीही त्याच नावाचं वाय-फाय उभारून लॉगिनचा तपशील पळवू शकतो. पद्धत कोणतीही निवडा, ही पडताळणी कधीही बंद ठेवू नका.