जोडसायकल

सायकल पाहिली नाही असा माणूस आता गावात सापडणार नाही. बसायला एक जागा, एक हँडल आणि दोन पेडल. दुसरा कोणी बरोबर असला तर तो मागे कॅरिअरवर बसतो. याला आपण डबलसीट म्हणतो. डबलसीटमध्ये एकजण पाय मारतो आणि दुसरा नुसता बसतो.

पण अशीही एक सायकल असते, की तिच्यावर दोघे बसतात आणि दोघेही पाय मारतात. तिला टँडम म्हणतात. आपण तिला जोडसायकल म्हणू. या सायकलीवर बसून नवराबायको आठवडाभराच्या प्रवासाला निघतात. ते कसे, हे आज पाहू.

सायकलीची रचना

जोडसायकल लांब असते, पण चाके दोनच असतात. बसायच्या जागा दोन, एकीच्या मागे एक. हँडलेही दोन असतात. त्यातले पुढचे तेवढे वळते. मागचे नुसते धरायला असते.

साखळ्याही बहुधा दोन असतात. एक साखळी पुढच्या पेडलांना मागच्या पेडलांशी जोडते. दुसरी मागचे चाक फिरवते. त्यामुळे दोघांचे पाय बरोबरच फिरतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्यालाही थांबवावे लागतात. जोडीतला एक बैल उभा राहिला तर दुसरा एकटा कुठे जाणार? तसेच हे.

पुढे बसणाऱ्याला कप्तान म्हणतात. वळवणे, ब्रेक दाबणे, गिअर बदलणे ही कामे बहुतेक त्याचीच. कोळशाच्या इंजिनात भट्टीत कोळसा टाकणारा एक माणूस असे. त्याला आपल्याकडे आगवाला म्हणत. मागे बसणाऱ्याला इंग्रजीत त्याचेच नाव दिले आहे. आगवाल्याला समोरचा रस्ता दिसत नाही. पण त्याच्या कष्टाशिवाय गाडी हलत नाही.

ज्याला सायकलीची सवय जास्त, तो बहुधा पुढे बसतो. पुरुषाने पुढे आणि बाईने मागे बसावे, असा काही नियम नाही.

एक मोठा प्रवास

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. हा शेतकऱ्यांचा मुलूख. नजर जाईल तिकडे मका आणि सोयाबीन. तिथे माणसांपेक्षा डुकरे कितीतरी जास्त पाळलेली आहेत. राज्याच्या पश्चिमेला मिसूरी नदी आणि पूर्वेला मिसिसिपी नदी.

१९७३ साली तिथल्या एका वर्तमानपत्रातल्या दोन लेखकांनी ठरवले, की आपण सायकलीवरून राज्य ओलांडायचे. जॉन कॅरास आणि डोनाल्ड कॉल अशी त्यांची नावे. त्यांनी पेपरात छापले, "ज्याला यायचे त्याने यावे." सुमारे ३०० माणसे निघाली. त्यातली ११४ शेवटपर्यंत चालवत गेली. त्यांत क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते. त्यांनी एक जुनी बायकी सायकल घेतली होती. तिच्यावर बसून त्यांनी सगळा प्रवास पुरा केला. नवे काम करायला वय आडवे येत नाही, हे आपण साक्षरता वर्गातल्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिला प्रवास सहा दिवसांचा होता. पुढे तो सात दिवसांचा झाला. २०२० साली करोनामुळे तो भरला नाही. २०२३ साली पन्नासावा प्रवास झाला. आता जुलै महिन्याच्या शेवटी हजारो लोक येतात. वाट दरवर्षी बदलते. साधारण ७०० ते ७५० किलोमीटर चालवावे लागते. निघताना मागचे चाक मिसूरीत बुडवायचे आणि पोहोचल्यावर पुढचे चाक मिसिसिपीत बुडवायचे, अशी तिथली रीत आहे.

आपल्याकडे वारीत दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते. तिथेही तसेच. तंबू आणि कपडे ट्रकमधून जातात. रोज नव्या गावी मुक्काम पडतो. वाटेतली गावे खाण्यापिण्याची दुकाने मांडतात. कुणी मक्याची कणसे विकतो. चर्चमधल्या बायका फळे भरून भाजलेले गोड पदार्थ विकतात. ज्याला पुढे जाववत नाही, त्याला उचलून घ्यायला गाडी असते.

या हजारोंमध्ये जोडसायकलवाली जोडपीही असतात. त्यांच्याकडे जरा नीट बघू.

दोघांची वाटणी

दोघे दोन सायकलींवर निघाले, तर ज्याच्या पायात जोर तो पुढे जातो. दुसरा मागे राहतो. दोघांची गाठ संध्याकाळी तंबूपाशी. जोडसायकलीवर असे होत नाही. ज्याच्याजवळ जास्त जोर आहे तो जास्त लावतो, ज्याच्याजवळ कमी आहे तो कमी लावतो. पोहोचतात मात्र दोघे बरोबर.

आणखी एक फायदा आहे. समोरचा वारा पुढच्याच्या अंगावर येतो. मागचा त्याच्या आडोशाला असतो. म्हणजे वारा अडवतो जवळजवळ एकाला, आणि जोर लागतो दोघांचा. म्हणून सपाट रस्त्यावर जोडसायकल जोरात पळते. चढणीला मात्र ती सावकाश चालते. उतारावर तर फारच जपावे लागते. दोघांचे वजन एका सायकलीवर असते, त्यामुळे ब्रेक लवकर तापतात.

रस्त्याकडेचे लोक कप्तानाची थट्टा करतात. "अहो दादा, मागची बाई पाय मारत नाही बरं का!" कप्तान मागे वळून पाहू शकत नाही. पण त्याला पक्के ठाऊक असते. मागच्या बाईने चढणीवर क्षणभर जरी पाय ढिले सोडले, तरी सायकल लगेच जड होते. जे काम डोळ्यांना दिसत नाही, ते पायांना कळते.

बोलणे हवेच

जोडसायकलीवर मुक्याने चालत नाही. पुढच्याने सारखे सांगत राहावे लागते. "खड्डा आला!" "गिअर बदलतो." "ब्रेक लावतोय." "डावीकडे वळू." न सांगता सायकल खड्ड्यात घातली, तर पुढचा सावध असतो, पण मागच्याच्या कमरेला हिसका बसतो. असे दोन-तीनदा झाले की मागच्याचा विश्वास उडतो. तो अंग आखडून बसतो. मग सायकल डुलायला लागते.

मागच्यानेही बोलले पाहिजे. "मागून मोटार येतेय." "पाय दुखतात, थांबू या." दुखणे दाबून ठेवले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडण ठरलेलेच.

डोळ्यांनी न दिसणारी माणसेसुद्धा अशा सायकलीवर शर्यतीत उतरतात. अपंगांच्या जागतिक स्पर्धेत डोळस माणूस पुढे बसतो आणि अंध माणूस मागे. जिंकले तर पदक दोघांनाही मिळते.

घरातले खड्डे

संसाराचा गाडा दोन चाकांवर चालतो, असे आपण म्हणतो. गाड्याची चाके शेजारी-शेजारी असतात. पण पुष्कळ घरांत एक माणूस पुढे असतो आणि एक मागे. पुढच्याच्या हातात पैसा, सातबारा आणि बँकेचे पुस्तक. मागच्याला रस्ता दिसत नाही. कष्ट मात्र दोघांचे चालूच असतात.

समजा, घरधन्याने सोसायटीचे कर्ज काढले आणि घरात सांगितले नाही. पुढे नोटीस आली. तेव्हा बाईला कळले. हाच तो न सांगितलेला खड्डा. कुठे बाई पुढे असते. बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर असते, आणि नवऱ्याला हप्ता ठाऊक नसतो. खड्डा तोच.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. घरात कागद आला की दोघांनी मिळून वाचा. अंगठा किंवा सही करण्याआधी वाचा. पुढे असाल तर आपण होऊन सांगा. मागे असाल तर विचारा, "पुढं काय आहे?" हे विचारायला लाजू नका. पाय तुमचेही चालले आहेत.

शब्द आणि अर्थ
चढण — वर जाणारा रस्ता
आडोसा — वाऱ्यापासून आसरा
मुक्काम — रात्री थांबण्याची जागा
हिसका — अचानक बसलेला धक्का

प्रश्न
१. डबलसीट आणि जोडसायकल यांत फरक काय?
२. आयोवातला पहिला प्रवास कोणत्या साली झाला?
३. कप्तानाने काय काय सांगत राहिले पाहिजे?
४. घरातला एखादा कागद आणा. तो घरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.