घरी मराठी, शाळेत हिंदी

प्रश्न : नात सरकारी शाळेत तिसरीत आहे. हिंदीत ती ‘मेरा पुस्तक’ लिहिते, म्हणून बाईंनी घरीही हिंदीच बोला असे सुचवले. काय करावे? – एक आजी, देवास

उत्तर : आजीबाई, घरची मराठी मुळीच सोडू नका. पवारांच्या अमदानीपासून धार-देवासच्या मराठी घरांत दोन्ही भाषा सुखाने नांदत आल्या आहेत, आणि ज्या चुकीवरून हे फर्मान निघाले ती अज्ञानाची नसून तर्काची आहे : मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी होते, आणि तिसऱ्या लिंगाची सोय त्या भाषेत नसल्यामुळे मुलीने जवळचे पुल्लिंग उचलले, इतकेच. बाईंना हे भांडणाच्या सुरात नव्हे, तर वही समोर ठेवून दाखवावे.

शिवाय आपणांस हक्काचाही मार्ग आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१व्या कलमान्वये जी शाळा व्यवस्थापन समिती (आपल्याकडची ‘शाला प्रबंधन समिति’) नेमली जाते, तीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, व शाळेचा विकास आराखडाही तीच करते. पालक मात्र तेथे बहुधा सहीपुरतेच जातात! सूनबाईंनी पुढील सभेत, दर शनिवारी कुणा आजी-आजोबांनी वर्गात गोष्ट सांगावी, असा ठराव मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, कारण दप्तरात न उतरलेली सूचना बाईंच्या बदलीबरोबरच निघून जाते. पहिली गोष्ट, माळवीमिश्रित का होईना, आपणच सांगा.