एव्हरेस्टवर दम का लागतो?

१८ मे १९९८ रोजी पुण्याचे गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. एव्हरेस्ट सर करणारे ते पहिले महाराष्ट्रीय. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, म्हणजे त्याच्या पाचपटींहून अधिक. सह्याद्रीत हातापायांना कड्यांची सवय होते. परंतु अतिविरळ हवेची सवय होत नाही. ही हवा गिर्यारोहकाला कशी छळते, ते आज पाहू.

उंचावर हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण घटते, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अंधेरीत काय किंवा एव्हरेस्टवर काय, ते सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. १९८१ साली ख्रिस्टोफर पिझो या अमेरिकन डॉक्टरने एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब मोजला. तो भरला २५३ मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांश.

मग प्राणवायूही एक तृतीयांश मिळेल का? नाही, त्याहून कमी! श्वासाबरोबर आत गेलेली हवा वाटेत ओलसर होते. शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर असतो आणि तो कोणत्याही उंचीवर तेवढाच राहतो. आता हिशेब करा:

अंधेरी: (७६० − ४७) × ०.२१ = सुमारे १५०
एव्हरेस्ट: (२५३ − ४७) × ०.२१ = सुमारे ४३

अंधेरीच्या माणसाला एकदम त्या माथ्यावर नेऊन ठेवले, तर काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपेल. म्हणूनच गिर्यारोहक कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने वर चढतात. तेवढ्या काळात श्वसन वाढते, रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. शिवाय बहुतेक जण प्राणवायूची नळकांडी बरोबर नेतात. ८ मे १९७८ रोजी मेसनर आणि हाबेलर यांनी मात्र नळकांड्यांवाचून हे शिखर गाठले. ४३ मिलिमीटरवरही सराव झालेले शरीर तग धरू शकते, हे तेव्हा सिद्ध झाले.

बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी चढताना तुम्हांलाही दम लागतो. पण तो पायांच्या श्रमाचा. तेथे हवेचा दाब फारसा घटलेला नसतो.

सोडवून पाहा: कळसूबाईवर हवेचा दाब सुमारे ६२५ मिलिमीटर धरला, तर श्वासातील प्राणवायूचा दाब किती? (उत्तर: सुमारे १२१ मिलिमीटर.)