सभासदाने काय वाचावे? धंदा, विक्री आणि पुढारपण शिकविणारी पुस्तके



गटसभेत आम्ही बेसल डोस, पाचट, खोडव्याची बगला फोडणे, हुमणी यांवर बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. एकरी टनेज वाढविण्याचे शिक्षण आपण घेतलेच आहे. पण पिकवलेल्या मालाचा हिशोब, विक्री आणि चार माणसांना बरोबर घेऊन चालणे हे शिक्षण मात्र राहून गेले. पुष्कळ सभासद म्हणतात, "साहेब, आमाला कुठं दुकान टाकायचंय?" परंतु ज्याच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे तो कारखान्याचा मालक आहे, आणि मालकाला धंदा कळत नसेल तर तो धंदा दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून खालील वाचन सुचवीत आहे. ही पुस्तके मराठीत आहेत आणि तालुक्याच्या किंवा गावच्या वाचनालयात मागणी केली तर मिळू शकतात.

१) शेतकऱ्याचा असूड – महात्मा जोतीराव फुले

हे पुस्तक १८८३ सालचे. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अक्षरओळख नसलेला शेतकरी सावकाराच्या ओट्यावर, कचेरीत आणि कोर्टात कसा नागवला जातो, हे त्यांनी प्रसंग उभे करून सांगितले आहे. पण नुसती तक्रार करून ते थांबत नाहीत. बांधबंदिस्ती, पाणी अडविणे, जनावरांची चांगली पैदास, शेतीची प्रदर्शने आणि शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचे शिक्षण असे उपायही ते मांडतात. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होते. दोघातिघांनी मोठ्याने वाचावे म्हणजे सोपे जाते.

यातून घेण्याचा धडा एकच : कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. आजही जामीनदार म्हणून सही करताना, पीककर्जाचा फॉर्म भरताना, तोडणी-वाहतुकीचा करार करताना "कुठं सही करू?" एवढेच विचारणारे आपल्यात आहेत. किती रकमेला, किती मुदतीला आणि कोणाच्या कर्जाला आपण जामीन राहतो, हे आधी विचारा.

२) लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र

विक्री शिकायची असेल तर हे चरित्र वाचावे. लक्ष्मणराव (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनविला. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असा त्या वेळी लोकांचा समज होता. पहिले काही नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून नांगराबरोबर उसाचे चरकही गावोगाव गेले.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशी म्हण आहे. पण नुसत्या बोलण्यावर माल फार दिवस खपत नाही. गिऱ्हाईक 'नको' म्हणते तेव्हा त्यामागची भीती ओळखावी लागते. आपल्यातील काही तरुण एक डोळा रोपांची रोपवाटिका करतात. रोप महाग पडते, असे घेणारा म्हणतो. खरी भीती वेगळी असते : रोप मेले तर काय, आणि सांगितलेली जात तीच आहे कशावरून? अशा वेळी दोन रुपये भाव पाडण्यापेक्षा बेण्याचा मळा दाखवावा, रोपाचे वय आणि जात पावतीवर लिहून द्यावी आणि मेलेली रोपे भरून देण्याचा शब्द पाळावा. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन येते.

३) माझंही एक स्वप्न होतं – डॉ. व्हर्गिस कुरियन

हे डॉ. कुरियन यांचे आत्मचरित्र. मूळ इंग्रजी पुस्तक २००५ साली निघाले. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे पुढारी. कुरियन १९४९ साली आणंदला आले आणि पुढे संघाचे व्यवस्थापक झाले. सहकारी कारखान्याच्या सभासदाला यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देत. मुंबई सगळे दूध उचलू शकत नसे. जादा दुधाचे करायचे काय? त्यातून भुकटी आणि लोण्याचा कारखाना १९५५ साली उभा राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी जाणकार म्हणत. ती करून दाखविण्यात दलाया या तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. साखरेला भाव नसेल तेव्हा वीज आणि इथेनॉल कारखान्याला का सावरतात, याचे उत्तर इथे मिळते.

दुसरी, मालकी शेतकऱ्याची आणि कारभार जाणकाराचा. त्रिभुवनदासांनी गावे आणि माणसे सांभाळली, तांत्रिक कामात कुरियनना मोकळीक दिली. आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा फारसे शिक्षण नसलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्षपदी बसविले. आपल्यापेक्षा जाणत्या माणसाला मानाने पुढे बसविणे हे पुढारपणाचे मोठे लक्षण होय. त्या घराण्याचा पुढचा काळ समजून घ्यायचा असेल तर बाळासाहेब विखे पाटलांचे 'देह वेचावा कारणी' हे आत्मचरित्र पाहावे. आत्मचरित्र वाचताना मात्र एक लक्षात ठेवावे, लिहिणारा आपली बाजू सांगत असतो.

४) कारखान्याचा वार्षिक अहवाल

हसू नका. सगळ्यात जास्त पैसे मिळवून देणारे आणि सगळ्यात कमी वाचले जाणारे पुस्तक हेच! घरोघरी येते आणि मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला जाते. त्यात पुढील गोष्टी शोधा : गाळप किती, उतारा किती, एकूण कर्ज गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, शिल्लक साखर कोणत्या भावाने धरली, संचित तोटा किती आणि लेखापरीक्षकाचे शेरे काय.

सोबत उसाच्या दराचा हिशोब स्वतः करून पाहा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्यापुढील दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये जादा. समजा उतारा ११.२५ टक्के धरला. एक टक्का जास्त, म्हणजे टनाला ३४६ रुपये वाढून ३,८९६ रुपये झाले. हा दर कारखान्याच्या गेटवरचा आहे. त्यातून तोडणी-वाहतूक, उदाहरणापुरती ८५० रुपये, वजा केली तर ३,०४६ राहतात. ८० टन उसाचे २,४३,६८० रुपये झाले.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशिराबद्दल सालाना १५ टक्के व्याज आहे. वरील बिल मुदतीनंतर ६० दिवस रखडले तर व्याज सुमारे ६,००० रुपये होते. हा नियम आपल्यासह प्रत्येक कारखान्याला लागू आहे. शेतकी खात्यात नोकरी करतो म्हणून हे झाकून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. सभासदाला हिशोब येत असला म्हणजे कारखान्याच्याही कामाला शिस्त राहते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला कार्यालयात फुकट पाहता येतात. नकला हव्या तर फी भरून मिळतात. विचारताना आवाज चढविण्याची गरज नाही, पान नंबर सांगून विचारावे. "अहवालाच्या अमुक पानावर कर्ज वाढलेले दिसते, कारण काय?" या एका प्रश्नाला जे वजन असते ते तासभराच्या गोंधळाला नसते.

वाचायचे कसे?

गाळप संपून पाऊस पडेपर्यंत थोडी सवड असते. पाच-सात घरांनी मिळून एक पुस्तक घ्यावे. रोज दहा पाने पुरेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळकरी मुलामुलींनी वाचून दाखवावे. एका वहीत दोन रकाने आखावेत : 'काय वाचले' आणि 'आपल्या शेतावर काय करता येईल'. दुसरा रकाना कोरा राहिला तर वाचन फुकट गेले असे समजावे. ज्या घरात शेअर बाईच्या नावावर आहे, तिथे अहवाल आधी तिच्या हातात द्यावा.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत होते. अहवाल हाती आला की तो निदान दोनदा वाचा, शंकेच्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करा आणि तोच अहवाल सभेला घेऊन या. काही आकडा समजला नाही तर गट ऑफिसात या. आपण मिळून बसू आणि तो उलगडू.

– ऊस विकास अधिकारी