लख्ख उजेड आणि स्पष्ट दृष्टी

उजेड जितका जास्त तितके स्पष्ट दिसावे, अशी आपली समजूत असते. परंतु भर दुपारी दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा घरातून ओळखू येत नाही, तेव्हा उजेड कमी असतो काय? मुळीच नाही. तो पुष्कळ असतो, पण नको तेथे असतो. एवढी गोष्ट नीट समजली तर शाळेतील मुलांचे आणि घरातील वृद्धांचे बरेच हाल टळतील, म्हणून आम्ही ती येथे मांडीत आहोत.

बसरा येथे जन्मलेले विद्वान इब्न अल्-हैथम (मृत्यू सुमारे इ. स. १०४०) यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ हा दृष्टीविषयीचा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात, असे त्यापूर्वी अनेक जण मानीत. प्रखर तेजाकडे पाहिले की डोळा दुखतो. तेव्हा प्रकाशच बाहेरून डोळ्यात येतो, असे त्यांनी प्रतिपादिले.

हा येणारा प्रकाश आवरण्यासाठी डोळ्याची बाहुली लहानमोठी होते. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७-८ मिलिमीटर रुंद, तर उन्हात सुमारे २ मिलिमीटर असते. म्हणजे तिचे क्षेत्र फार तर १६ पट बदलते. उजेड मात्र पौर्णिमेच्या चांदण्यातील सुमारे पाव लक्सपासून भर उन्हातील सुमारे १,००,००० लक्सपर्यंत, चार लाख पट बदलतो. उरलेले काम डोळ्याच्या आतील पडद्याला करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. उन्हातून काळोख्या खोलीत आल्यावर डोळा पुरता सरावण्यास अर्धा तासही लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वस्तू दिसते ती तिचा उजेड आणि तिच्या पाठीमागचा उजेड यांतील फरकामुळे. ईदचा चाँद पाहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ती कोवळी कोर सूर्यास्तापूर्वीही आकाशात असतेच, पण उजळ आकाशात लोपून जाते. आकाश मंदावू लागले की तीच कोर दिसते.

आता वर्गात येऊ. समजा, खडूच्या अक्षराकडून डोळ्याकडे ८० भाग उजेड येतो आणि काळ्या फळ्याकडून ५ भाग. फरक १६ पट. अक्षर ठसठशीत दिसते. फळा तुळतुळीत असेल आणि बाजूच्या खिडकीची चकाकी त्यावर पडून दोहोंत ७५ भागांची भर घालीत असेल, तर १५५ आणि ८० उरतात. फरक दुप्पटही नाही. उजेड वाढला, अक्षर मात्र पुसले गेले. ही चकाकी एका कोपऱ्यातील बाकांवरच दिसते; शेजारच्या रांगेला काहीच अडचण नसते. त्या कोपऱ्यातील मूल चुकीचे उतरवून घेते आणि ‘ढ’ ठरते.

वृद्धांचेही असेच होते. मोतीबिंदूने डोळ्याचे भिंग गढूळ झाले की प्रखर उजेड आत विखुरतो आणि समोरच्या चेहऱ्यावर पांढरे धुके पसरते. म्हाताऱ्याने दुपारी रस्त्यात सलाम-नमस्कार घेतला नाही की लोक म्हणतात, ‘याला गर्व झाला.’ संध्याकाळी सावलीत तोच नावाने हाक मारतो.

उपाय साधे आहेत. उजेड वस्तूवर पडावा, डोळ्यात नव्हे. फळ्याला चकाकी नसलेला रंग द्यावा. खिडकीला पडदा लावावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून मिळावा. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून शिकवू नये. ज्याला कमी ऐकू येते ते मूल ओठांकडे पाहून समजून घेते. वृद्धाशी बोलताना त्याला उन्हाकडे तोंड करून उभे करू नये, आणि उजेडात त्याला अंधुक दिसू लागल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो.

महोत्सवाच्या या वर्षी आपल्या ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना आमची एकच सूचना आहे. आपल्या वस्तीतील शाळेत दुपारच्या वेळी जावे, प्रत्येक कोपऱ्यातील बाकावर मुलाच्या उंचीइतके वाकून बसावे आणि फळा वाचून पाहावा. जेथे आपल्याला वाचता येणार नाही, तेथे बसणाऱ्या मुलाच्या बुद्धीविषयी कोणतेही मत देण्यापूर्वी त्याची जागा बदलावी.