हिरवं दिसलं की ‘शेवाळ’? पानांची यकृतका कशी ओळखावी



पावसाळ्यात शाळेची मागची भिंत, विहिरीचा कठडा, झाडाचं खोड सगळं हिरवं होतं. मुलं विचारतात, “हे काय आहे?” आपण म्हणतो, “शेवाळ.” झालं, विषय संपला! पण या एका शब्दात शैवाल, मॉस आणि यकृतका अशा तीन वेगळ्या वनस्पती दडलेल्या असतात. शैवाल थॅलोफायटा गटातलं. मॉस आणि यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट हे ब्रायोफायटा, नववीच्या पुस्तकातले ‘वनस्पतीसृष्टीचे उभयचर’.

यकृतका हे नाव का? काही जातींचं चपटं शरीर यकृतासारखं दिसतं, म्हणून जुन्या काळी त्या यकृताच्या आजारावर औषध समजत. पण बहुतेक यकृतका चपट्या नसतातच, त्यांना चक्क बारीक पानं असतात. त्यामुळे त्या मॉससारख्या दिसतात आणि गोंधळ होतो.

फरक कसा ओळखायचा?

साधं भिंग घ्या आणि मुलांना हे बघायला सांगा:

१. पानांच्या रांगा : यकृतकेत खोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग असते. फांदी उलटी केली की बऱ्याच जातींत खाली लहान पानांची तिसरी रांग दिसते. मॉसची पानं बहुधा खोडाभोवती सगळीकडून असतात.
२. मधली शीर : मॉसच्या पानात ती बरेचदा असते. यकृतकेच्या पानात नसते.
३. पानाचा आकार : यकृतकेचं पान अनेकदा दुभंगलेलं किंवा दुमडलेलं असतं.
४. बीजाणूंची कुपी : यकृतकेत नाजूक, पारदर्शक देठावर काळपट कुपी येते आणि बहुधा चार पाकळ्यांत उकलते. मॉसच्या कुपीला बहुधा झाकण असतं.

एक उदाहरण घेऊ

फ्रुलानिया एरिकॉइडीस ही उष्ण प्रदेशात जगभर आढळणारी जाती. आपल्या पश्चिम घाटातही ती झाडांच्या सालीवर वाढते. कोरडी असताना तिची पानं खोडाला घट्ट चिकटून बसतात. पाणी शिंपडा, ती बाहेर पसरतात. पानाचा खालचा छोटा भाग बरेचदा टोपीसारखा पोकळ असतो.

तिचं वर्गीकरण असं:
सृष्टी – वनस्पती
विभाग – मार्कॅन्शिओफायटा
वर्ग – जुंगरमॅनिऑप्सिडा
गण – पोरेलेलीस
कुल – फ्रुलानिएसी
प्रजाती – फ्रुलानिया
जाती – एरिकॉइडीस

पुस्तकात ब्रायोफायटा आणि इथे मार्कॅन्शिओफायटा, असं का? आता मॉस आणि यकृतका यांचे स्वतंत्र विभाग मानतात, म्हणून. नावंही बदलतात. जुन्या पुस्तकांत हीच जाती फ्रुलानिया स्क्वॅरोसा म्हणून सापडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं

मोबाईलवर फोटो काढला, ॲपने नाव दिलं, की मुलं ते वहीत लिहून मोकळी होतात. पण या वनस्पतींची जाती फोटोवरून बहुधा ठरत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघाव्या लागतात. यकृतकांच्या पेशींत तैलपिंड असतात, तेही ताज्या नमुन्यातच बघावे लागतात, कारण वाळल्यावर ते नाहीसे होतात. म्हणून मुलांना एकच सवय लावा : जेवढं दिसलं तेवढंच नाव लिहायचं. दोन रांगा दिसल्या, शीर नाही, तर ‘पानांची यकृतका’ एवढंच लिहा. टोपीसारखा भागही दिसला तर ‘बहुधा फ्रुलानिया’ लिहा आणि तिथेच थांबा. असं अर्धं पण खरं उत्तर वहीत आलं, तर त्याला पूर्ण गुण द्या. नाहीतर पोरं मोठं नाव पाठ करतात आणि बघायचं सोडून देतात.

आपला यवतमाळ जिल्हा म्हणजे सागाचं कोरडं, पानझडी जंगल. इथे ओल्या मातीवर रिक्सियासारख्या चपट्या यकृतका शोधणं सोपं. पानांच्या यकृतकांसाठी महाबळेश्वर, आंबोलीच्या सहलीत खोडं बघा. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यात गेलात तर काहीही खरवडू नका, फक्त निरीक्षण करा.

या पावसाळ्यात वर्गाला एक भिंग आणि एक वही द्या. दर आठवड्याला तीच भिंत, तेच खोड बघायचं, चित्र काढायचं, तारीख टाकायची. ‘शेवाळ’ म्हणून सोडून दिलेल्या भिंतीवर किती वेगवेगळं राहतं, ते मुलंच तुम्हाला सांगतील.