मूलभूत उत्पन्न आणि स्त्री-पुरुष समानता

प्रत्येक नागरिकास, तो रोजगारावर आहे किंवा नाही याची चौकशी न करता, ठरावीक रक्कम नियमितपणे देणे या कल्पनेस ‘मूलभूत उत्पन्न’ असे म्हणतात. ही रक्कम रोख, सार्वत्रिक, बिनशर्त व व्यक्तिगत असावी, अशी अपेक्षा असते. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात या कल्पनेस स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. तिचा प्रारंभ स्त्रियांपासून करण्याचा पर्यायही तेथे चर्चिला गेला. समानतेच्या दृष्टीने ‘व्यक्तिगत’ हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे होय. हैदराबाद ही राजधानी असलेल्या तेलंगण राज्यातील योजनांवरून ते स्पष्ट होते.

जमिनीच्या आधारे साहाय्य

१० मे २०१८ रोजी तेलंगण शासनाने ‘रयतु बंधु’ योजना सुरू केली. पट्टादार पासबुकावर ज्याचे नाव असेल, त्यास एकरी प्रत्येक हंगामास ४,००० रुपये देण्यात येऊ लागले. पाच एकरांच्या खातेदारास दोन हंगामांत ४०,००० रुपये मिळत. परंतु त्याच शेतात लावणी, खुरपणी व कापूसवेचणी करणाऱ्या त्याच्या पत्नीचे नाव पासबुकावर नसेल, तर तिच्या हाती स्वतःचे असे काहीच येत नसे. कुळांचीही स्थिती तीच होती.

याचे मूळ मालकीहक्काच्या विषम वाटणीत आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. अविभक्त आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून कन्येस वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. तथापि तो हक्क माहेरच्या जमिनीत आहे. विवाहित स्त्रीचे श्रम मात्र बहुधा सासरच्या शेतात खर्च होतात. शिवाय फेरफार नोंद होईपर्यंत कायद्यातील वाटा कागदावर उतरत नाही. म्हणून जमिनीच्या प्रमाणात दिलेले साहाय्य जमिनीच्या मालकीतील विषमताही सोबत घेऊन येते.

व्यक्तीच्या आधारे साहाय्य

याच राज्यात २०१७ पासून ‘आसरा’ योजनेखाली एकल महिलांना दरमहा १,००० रुपये निवृत्तिवेतन देण्यात येऊ लागले. २०१९ मध्ये ते २,०१६ रुपये झाले. येथे जमीन लागत नाही, परंतु एकटेपणा सिद्ध करावा लागतो. संसारात राहूनही ज्या स्त्रीच्या हाती पैसा नाही, ती या कक्षेबाहेर राहते.

या दृष्टीने २०११ ते २०१३ या काळात मध्य प्रदेशातील काही गावांत ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने केलेला प्रयोग उद्बोधक आहे. तेथे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास स्वतंत्रपणे दरमहा प्रथम २०० व नंतर ३०० रुपये देण्यात आले. मुलांसाठीची निम्मी रक्कम आईच्या स्वाधीन केली जाई. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतही दरमहा १,५०० रुपये स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करण्याची तरतूद करण्यात आली. वय व कौटुंबिक उत्पन्न यांच्या अटी असल्याने हे पूर्णार्थाने मूलभूत उत्पन्न नव्हे. तथापि पैसा कुटुंबप्रमुखामार्फत न जाता थेट स्त्रीकडे जातो, हे तत्त्व त्यात आहे.

रोख रकमेची मर्यादा

केवळ पैशाने घरकामाचा भार वाटला जात नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. मासिक रक्कम हे या कामाचे वेतन मानले गेले, तर ‘घर तिचेच’ ही समजूत अधिक दृढ होण्याचा धोका आहे. म्हणून पाळणाघर, नळाचे पाणी व वाहतूक यांची जोड आवश्यक ठरते. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेखाली राज्य परिवहनाच्या साध्या व एक्स्प्रेस गाड्यांतून स्त्रियांना मोफत प्रवासाची सोय झाली. हैदराबादच्या उपनगरातून शहरात कामास येणाऱ्या स्त्रीचे भाडे त्यामुळे वाचते.

सारांश, अशा कोणत्याही योजनेची पारख तीन प्रश्नांनी करावी : रक्कम कोणाच्या नावे जमा होते? ती मिळण्यासाठी काय सिद्ध करावे लागते? आणि तिच्या विनियोगाचा निर्णय कोण घेतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शासन-निर्णयात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र घराच्या उंबरठ्याआड असते, आणि समानतेची खरी कसोटी तेथेच लागते.